दवाखान्यापलीकडची मुंबई

गेल्या महिन्यात गटाच्या हिशेबाच्या वह्यांबद्दल बोललो होतो. आज जरा वेगळं. मुंबई बघायला कसं जायचं, कुठं राहायचं, काय खायचं आणि काय बघायचं, हे आज सांगणार आहोत. आमच्या गटातल्या बाराजणी नुकत्याच जाऊन आल्या, म्हणून सगळं ताजं आहे.

सुरुवातीला बैठकीत हात वर करायला सांगितले होते, मुंबईला कोण कोण गेलंय? सातजणींचे हात वर आले. विचारलं, काय बघितलंत? टाटा. केईएम. जेजे. एकजण सासऱ्यांच्या ऑपरेशनला तेवीस दिवस परळला होती, पण समुद्र तिनं पाहिला नव्हता. आपल्यापैकी बऱ्याच बायांची मुंबई ही अशी असते. वॉर्ड, औषधाचं दुकान आणि फुटपाथवरचा चहा. बाकीची राजधानी टीव्हीवर.

म्हणून ठरवलं की एकदा आजारी माणूस बरोबर नसताना जायचं. आणि आपल्या पैशानं जायचं.

पैशाचं आधी सांगतो. गटाच्या बचतीला आणि अंतर्गत कर्जाच्या पैशाला हात लावायचा नाही, हे पहिल्याच बैठकीत लिहून घेतलं. सहलीची वेगळी पेटी केली, आठवड्याला चाळीस रुपये. वर्षाचे बावन्न आठवडे धरले तर माणशी दोन हजार ऐंशी होतात. रेल्वेचं जाणं-येणं, एक रात्र मुक्काम, दोन दिवसांचं खाणं, लोकल, बस आणि समुद्रातली बोट एवढं त्यात बसतं. खरेदीचे पैसे ज्याचे त्यानं. एसटीनं जाणाऱ्यांना आणखी स्वस्त पडेल, कारण मार्च २०२३ पासून एसटीत बायांना निम्मं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीटच नाही. पण आमच्या भागातून रात्रभर बसमध्ये बसून जायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी पाय सुजतात. आम्ही कुर्डुवाडीहून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरली. झोपून जायचं आणि सकाळी मुंबईत उतरायचं.

वार कोणता धरायचा, हे नीट ऐका, यातच निम्मी सहल आहे. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद. मंगळवारी सिद्धिविनायकाला रांग संपत नाही. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही तास गाड्या बंद किंवा उशिरा. आता उरलं काय? गुरुवार-शुक्रवार. आणि पावसाळा सोडून. पावसात समुद्र खवळला की घारापुरीच्या बोटी बंद ठेवतात.

आता मुक्काम. घरच्यांचा पहिला प्रश्न हाच असतो आणि तो बरोबरच असतो.

गावाकडून मुंबईला गेलेली माणसं बहुतेक तीन ठिकाणी उतरतात. पहिलं नातेवाइकाचं घर. बाराजणी कोणाच्या दहा बाय बाराच्या खोलीत जाणार? त्या घरच्या बाईचा विचार करा. तिला पहाटे नळाला पाणी भरायचं असतं आणि आठ वाजता लोकल धरायची असते. दुसरं आमदार निवास. आमदाराच्या चिठ्ठीवर तिथं सोय होते, मंत्रालय जवळ, पैसेही फारसे लागत नाहीत. आमच्यातही कोणीतरी ते सुचवलं. पण बैठकीत नको ठरलं. चिठ्ठी मागायला कोणाच्या तरी ओसरीवर बसावं लागतं, आणि मग निवडणुकीत त्याची आठवण करून देतात. तिसरं म्हणजे धर्मशाळा. इथं एक विनंती. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळच्या आसपास आणखीही आहेत. त्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी आहेत. आपल्याला तिथली खाट मिळाली तरी घ्यायची नाही. ती खाट कोणाला लागते हे आपल्या सातजणींना चांगलं माहीत होतं.

मग राहायचं कुठं? रेल्वेनं जाणाऱ्यांना सगळ्यात सोयीची रेल्वेची विश्रांतिगृहं. मोठ्या स्टेशनवर खोल्या असतात, काही ठिकाणी डॉर्मिटरी, म्हणजे एका हॉलमध्ये ओळीनं खाटा. तिकिटावरचा पीएनआर नंबर घालून त्या मोबाइलवरून आधीच बुक करता येतात. खोल्या थोड्या असतात, म्हणून तिकीट निघालं की लगेच बघायचं. बायांसाठी आणखी एक जुनं ठिकाण म्हणजे मादाम कामा रोडवरचं वाय.डब्ल्यू.सी.ए.चं अतिथिगृह. शांत आहे आणि गेटवे तिथून चालत जाण्याजोगं आहे. थोडं महाग पडतं, पण कोणी संस्था किंवा बँक तुमचा खर्च करणार असेल तर जरूर सांगा. देवदर्शनाला जाणाऱ्यांसाठी भुलेश्वर, सी. पी. टँक, काळबादेवी या भागात जुन्या धर्मशाळा आहेत. त्यांतली हिराबाग नावाजलेली आहे. प्रत्येकीचे नियम वेगळे असतात. कुठं कांदा-लसूण चालत नाही, कुठं रात्री दार लवकर बंद होतं. फोन करूनच जायचं.

स्टेशनाजवळच्या लॉजचं म्हणाल तर आम्ही असं केलं. दोघी पुढं गेल्या, खोली बघितली, आतून कडी लागते का, संडासाच्या दाराला कडी आहे का, खिडकी रस्त्यावर उघडते की जिन्यात, हे पाहिलं आणि मग बाकीच्यांना बोलावलं. भाडं माणशी की खोलीमागं, हे पैसे द्यायच्या आधी विचारायचं. पावती घ्यायची. आधार कार्ड दाखवायचं, मूळ कार्ड काउंटरवर ठेवून यायचं नाही, झेरॉक्स द्यायची. कोणी मूळ कार्डच ठेवा म्हणाला तर दुसरं लॉज बघायचं.

सकाळी गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागते. घाईनं बाहेर पडू नका. बायांची वेटिंग रूम आहे, तिथं तोंड धुवा, वेणीफणी करा. पिशव्या क्लोक रूममध्ये ठेवता येतात, पण पिशवीला कुलूप असलंच पाहिजे, नायलॉनच्या दोरीची गाठ चालत नाही. गावाहूनच दहा-वीस रुपयांची कुलपं न्या.

आणि मग स्टेशनच बघा. लोक इथून रोज पळत जातात, मान वर करत नाहीत. आपण पाव्हणे, आपल्याला वेळ आहे. ही इमारत बांधायला १८७८ ला सुरुवात झाली आणि दहा वर्षं काम चाललं. २००४ साली युनेस्कोनं तिला जागतिक वारसा म्हटलं. समोरच्या फुटपाथवर जाऊन बघितलं की घुमटाच्या टोकावर हातात मशाल घेतलेली एक बाई उभी दिसते. तिचं नाव प्रगती. खाली फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. भिंतींवर मोर, माकडं, पानंफुलं कोरलेली आहेत, ती जेजे कला शाळेच्या विद्यार्थ्यांनी केली. देशातली पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला इथूनच, म्हणजे त्या वेळच्या बोरीबंदरहून, ठाण्याला गेली. मुंबादेवीचं जुनं देऊळही याच भागात होतं, मग ते भुलेश्वरकडं हलवलं. तिच्यावरूनच मुंबई हे नाव. ओटी भरायची असेल तर तिथं जाऊन या.

न्याहारी स्टेशनासमोरच. आराम म्हणून जुनं दुकान आहे, वडापाव चांगला मिळतो. जवळच्या गल्लीत पंचम पुरीवाला आहे, गरम पुरी-भाजी, पोट भरतं आणि पैसे उरतात. आमच्या काकूंनी मात्र पिशवीतली कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. काढू द्या. दोन दिवसांच्या प्रवासात एक वेळचं घरचं असलं की पोट शांत राहतं.

तिथून बसनं गेटवे ऑफ इंडिया. ही कमान इंग्लंडचा राजा १९११ ला आला त्याच्या आठवणीसाठी बांधली, उघडली १९२४ ला. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीतून बाहेर पडली आणि बोटीत बसून गेली. राजाच्या स्वागताला बांधलेलं दार त्यांना परत पाठवायच्या कामी आलं, म्हणून आम्हाला ती कमान आवडली. फोटो काढणारे मागं लागतात. एक फोटो किती, किती काढणार, हे आधी ठरवायचं.

इथूनच घारापुरीची बोट. हे चुकवू नका. जायला तासभर लागतो. बोटीत चढल्या-चढल्या लाइफ जॅकेट मागून घ्यायचं आणि पदरावरून, साडीवरून बांधायचं. कोणी हसलं तर हसू द्या. मळमळ होणाऱ्यांनी पोट अगदी रिकामं ठेवू नये आणि आवळ्याची सुपारी जवळ असू द्यावी. बेटावर उतरल्यावर लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. दोन्ही बाजूंना दुकानं, ताडपत्रीची सावली. गुडघेदुखीवाल्यांनी बसत-बसत चढावं, आमच्या बासष्ट वर्षांच्या काकू चढल्या. माकडं हातातलं खाणं ओढून नेतात, पिशवी पदराखाली धरा.

आत गेल्यावर डोळ्यांना जरा वेळ द्या, अंधार असतो. मग समोरच्या भिंतीत ती तीन मुखांची मूर्ती दिसायला लागते, वीसेक फूट उंच. डोंगर आतून पोखरून केलेली. मधलं मुख शांत, एका बाजूचं रागीट, दुसऱ्या बाजूचं बाईसारखं कोवळं. तिच्या डाव्या-उजव्या बाजूला अर्धनारीश्वर आहे आणि गंगा झेलणारा शंकर आहे. शिव-पार्वतीच्या लग्नाचंही चित्र कोरलंय, त्यातली पार्वती खरंच लाजलेली वाटते. बऱ्याच मूर्तींचे हातपाय तुटलेले आहेत. तरी आमच्यातल्या दोघी अर्धनारीश्वरापुढं बराच वेळ उभ्या होत्या. निम्मा देव बाई आहे, हे कीर्तनात शंभरदा ऐकलेलं असतं, पण दगडात एवढं मोठं बघणं वेगळं.

हे बेट रायगड जिल्ह्यात येतं. मुंबईचे दिवे समोर दिसत असूनही इथल्या गावाला समुद्राखालून तार टाकून कायमची वीज मिळाली ती २०१८ साली. तिथल्या बाया काकडी, चिंचा, बोरं विकत बसलेल्या असतात. आपण बाजारात बसणाऱ्या बाया, घासाघीस कुठं करायची आणि कुठं नाही हे आपल्याला कळतं.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे, कारण सहलीच्या पुस्तकात ती नसते. लघवीची सोय. बाया प्रवासात पाणी पीत नाहीत, दिवसभर कळ सोसतात आणि गावी परत आल्यावर जळजळ सुरू होते. मुंबईतही हा प्रश्न सुटलेला नाही. सार्वजनिक मुतारीत पुरुषांना फुकट आणि बायांकडून पैसे, यावर तिथल्या कार्यकर्त्या बायांनी ‘राइट टू पी’ नावाची मोहीम चालवली. आपण एवढंच करायचं की जिथं सोय दिसेल तिथं, लागलेली असो-नसो, जाऊन यायचं. स्टेशनवर, बोटीत बसायच्या आधी, संग्रहालयात, राणीच्या बागेत आणि जेवायला बसू त्या हॉटेलात. पाच-दहाची सुट्टी नाणी एकीच्या कमरेच्या पिशवीत वेगळी ठेवायची. आणि पाणी प्यायचं, भरपूर.

घारापुरीहून परत यायला दुपार होते. त्या दिवशी आणखी फार काही कोंबू नका. गेटवेहून चालत यायच्या रस्त्यावर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय लागतं, पाय चालत असतील तर बघा. पण हुतात्मा चौकात थांबाच. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला, तो कागदावर सही करून सहज झाला नाही. त्यासाठी १०६ माणसं गेली, आणि मुंबई आपली राजधानी आहे ती त्यांच्यामुळं. चौकातल्या पुतळ्यात शेतकरी आणि कामगार एकच मशाल धरून उभे आहेत. संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसायचं, याला तिकीट नाही. काळोख पडला की दिव्यांची ओळ वळत जाते, तिला राणीचा हार म्हणतात. गिरगाव चौपाटीवर भेळ मिळते. भेळ खा, पण बर्फाचा गोळा आणि उघडं सरबत टाळा, दुसरा दिवस जायचाय.

गिरगावात आलोच आहोत तर एक सांगून ठेवतो. १५ मार्च १९५९ ला इथल्याच एका चाळीच्या गच्चीवर सात बायांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेच पुढं लिज्जत पापड झालं. आपल्या गटातल्या कोणाला चार पाकिटांवरून वाईट वाटत असेल तर तिला हे सांगा.

दुसरा दिवस दर्शनानं सुरू करा. आता भुयारी मेट्रो झाली आहे. सीएसएमटीच्या मेट्रो स्टेशनवरून बसलं की सिद्धिविनायक नावाचंच स्टेशन येतं, बदलायला लागत नाही. सरकत्या जिन्याची भीती वाटणाऱ्यांनी लिफ्ट विचारावी, असते. सिद्धिविनायकाचं मूळ देऊळ १८०१ साली बांधलं, पैसा दिला देऊबाई पाटील या बाईंनी. त्यांना मूल नव्हतं. इतर बायांना तरी व्हावं म्हणून त्यांनी देऊळ बांधलं असं सांगतात. हाजी अलीला जायचं असेल तर भरतीची वेळ विचारून जा, दर्ग्याकडं जाणारी वाट भरतीत पाण्याखाली जाते. तिथं आतल्या मजारीपर्यंत जायला काही वर्षं बायांना बंदी होती. बाया कोर्टात गेल्या आणि २०१६ साली हायकोर्टानं ती उठवली.

जेवण दादरला. दादर म्हणजे मराठी माणसाच्या जिभेचं माहेर. आस्वादमध्ये मिसळ, थालीपीठ, कोथिंबीर वडी. प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष. मामा काणे यांचं १९१० पासूनचं. दुपारी एक वाजता गेलात तर उभं राहावं लागेल, साडेअकराला जा. केळीच्या पानावर पोटभर दाक्षिणात्य जेवायचं असेल तर पुढं माटुंगा स्टेशनाजवळ रामा नायक यांचं उडुपी आहे, १९४२ चं. भात हवा तेवढा वाढतात. वडापाव खायचा तर तोही दादरलाच. १९६६ च्या सुमाराला याच स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो विकायला सुरुवात केली असं मानतात. बाराजणींनी एका हॉटेलात बारा वेगवेगळे पदार्थ मागवले आणि सगळ्यांनी सगळं चाखलं. हे आमच्या मते सहलीतलं सगळ्यात शहाणपणाचं काम होतं.

चैत्यभूमी दादरच्याच समुद्रकाठी आहे. सहा डिसेंबरची गर्दी टीव्हीवर बघतो, एरवी तिथं शांत असतं. जरूर जा.

दादरहून भायखळ्याला लोकलनं. लोकलचे नियम थोडक्यात. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ बसायचं नाही. बायांचा डबा कुठं येतो ते फलाटावर विचारून तिथंच उभं राहायचं. पाटीवर गाडी धीमी की जलद बघायचं, भायखळ्याच्या आधीची छोटी स्टेशनं बघायची तर धीमीच. कोणी मागं राहिली तर तिनं आहे तिथंच थांबून पुढची गाडी धरायची, आणि पुढं गेलेल्यांनी ठरलेल्या स्टेशनवर उतरून तिथून हलायचं नाही. प्रत्येकीच्या ब्लाउजमध्ये दोन मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी. अडचणीला ११२, रेल्वेत १३९.

या वाटेत परळ स्टेशन लागतं. गाडी थांबली तेव्हा तेवीस दिवसवाली खिडकीशी होती. ‘तो पूल, तिथनं मी डबा घेऊन जायचे’, एवढंच म्हणाली. आजूबाजूला आता काचेच्या उंच इमारती आहेत, पूर्वी कापडाच्या गिरण्या होत्या. घाटावरचे, कोकणातले हजारो गडी त्यांत राबायचे आणि जेवायचे ते बायांच्या खानावळीत. त्या खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बचत गट हा शब्द आपल्या गावात यायच्या किती आधी.

राणीच्या बागेचं खरं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. वाघ, हत्ती आहेतच, पण बाया रमतात त्या पेंग्विनपुढं. बागेलगत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ साली उघडलेलं. जुन्या मुंबईतले धंदे करणारी माणसं तिथं मातीच्या छोट्या बाहुल्यांत दिसतात. बाहेरच्या अंगणात दगडाचा मोठा हत्ती उभा आहे, त्याला नीट बघा. हा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. इंग्रज त्याला उचलून विलायतेला न्यायला निघाले, तर तो तुटला, म्हणून राहिला. तुकडे जोडून इथं ठेवलाय. आदल्या दिवशी बेट बघितलेलं असलं की हा हत्ती ओळखीचा वाटतो.

संध्याकाळी भायखळ्याहून सीएसएमटीला जाणाऱ्या गाडीत गर्दी कमी असते, गर्दी उलट्या दिशेला. क्लोक रूममधून पिशव्या घ्यायच्या, पावती सांभाळून ठेवलेली हवी. रात्रीची सिद्धेश्वर उशिरा सुटते, तोवर जेवण होतं.

तुमच्या गटाला माल विकायचा विचारही असेल, तर दरवर्षी मुंबईत बीकेसीच्या मैदानावर महालक्ष्मी सरस भरतं, राज्यभरातले गट येतात. त्याच्या तारखा पंचायत समितीत, उमेदच्या ताईंकडं कळतील. सहल त्याला जोडून घेतली तर एका तिकिटात दोन कामं होतात.

तिकिटांचं शेवटचं. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. बाराजणी म्हणजे दोन अर्ज, एका तिकिटावर सहाच नावं बसतात. नाव आधारवर आहे तसंच लिहायचं, वयही खरं सांगायचं. आमच्यात वयाच्या रकान्यावरूनच सगळ्यात जास्त वेळ गेला.